सुरमईची पैज

"ह्या आगीवर? ह्या आगीवर मासं तळणार तुमी?" सवितानं हातातलं उलथनं असं उगारलं, की बापूनं पिठाची परात ढालीसारखी छातीशी धरली.

"अगं, हरलो तर! हरतुया कोन?"

"आवं, जिभंला हाड नसतं म्हनत्यात, ते मला ठावं हाय. पर तुमच्या डोस्क्यात बी काय न्हाई का? गळ्यात माळ, आनि पैज कशाची मारली? तर सुरमईची!"

भाकरी थापता थापता बापूनं मान खाली घातली, आणि गळ्यातली तुळशीची माळ पिठाच्या परातीत लोंबली. जणू तीसुद्धा तोंड लपवायला जागा शोधत होती.

बापू माण तालुक्यातल्या वाघदऱ्याचा. सोळा वर्षांमागं बिडाचा तवा बॅगेत घालून बायकापोरांसकट दुबईला आला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्याची खानावळ. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, शुक्रवारी पुरणाची पोळी. अंड्याला उंबऱ्याच्या आत मज्जाव. पहाटे पहिली भाकरी तव्यावर पडली की बापूचं नामस्मरण सुरू व्हायचं, ते शेवटचं गिऱ्हाईक हात धुऊन जाईपर्यंत.

पण देवालाही गंमत हवी असते. त्यानं बापूच्या भिंतीला भिंत लावून दिली ती कुणाची, तर श्रीवर्धनच्या रफिकच्या मासळीच्या दुकानाची! इकडं उदबत्ती, तिकडं बांगडा. राहायलाही वरच्या मजल्यावर दोघं समोरासमोर. पहिली दोन वर्षं भांडणात गेली. मग रफिकची बायको हव्वाबी आणि सविता यांचं असं जमलं, की नवऱ्यांना भांडायला निमित्तच उरलं नाही. राहिली ती एकच गोष्ट भांडायला. कबड्डी.

थंडी पडली, म्हणजे दुबईची थंडी, दिवसाला तीनऐवजी एकच बनियन भिजायची, की इकडच्या मराठी माणसांची तालुक्यांची कबड्डी सुरू व्हायची. आठ तालुके, दर शनिवारी सामने, चार महिने धुरळा. माणच्या संघात बापूचा पोरगा कुणाल. दिवसा एसी दुरुस्त करायचा, शनिवारी चढाईला जायचा. श्रीवर्धनच्या संघात रफिकचा हम्माद, पकडीत नंबर एक. दोघं एका बाकावर शिकलेले, एका ताटात जेवलेले. एका ताटात म्हणजे, बापूला ठाऊक होतं तेवढं शाकाहारीच.

सवितानं उलथनं उगारलं, त्याच्या आदल्या दिवशी रफिक दुकानाच्या पायरीवर बसून बर्फ फोडत होता. म्हणाला, "बापू, तुझ्या माणदेशात पाऊस पडत नाय, तशी पकड पण पडत नाय. या वर्षी चषक श्रीवर्धनचा."

"गप रं. खाऱ्या पान्यात वाढलेली पोरं तुमची, घाम आला की निसटत्यात."

"मग लाव पैज! फायनलला आमच्याकडून हरलात, तर तुझ्या किचनमधी, तुझ्या हातांनी, आमच्या टीमला सुरमई तळून घालायची."

बापूची कानशिलं तापली. "आनि तू हरलास, तर एकादशीला बर दुबईच्या देवळात यायचं. पयल्या रांगंत बसायचं. दोन तास कीर्तन ऐकायचं, आनि मधी एक शब्द बोलायचा न्हाई!"

आतून हव्वाबी हसली, ती कोयता खाली ठेवून हसली. "बापूभाऊ, सुरमई सोपी हाय हो! हा माणूस दोन मिनटं गप बसला, तर मी दर्ग्यावर चादर चढवीन."

"मंजूर?"

"मंजूर!"

झालं. रागाच्या भरात शब्द गेला. तोंडातनं गेलेला शब्द आणि धनुष्यातनं सुटलेला बाण परत येत नाही, हे बापूनं कीर्तनात शंभरदा ऐकलं होतं. पण कीर्तनात ऐकलेलं पायरीवर आठवलं असतं, तर माणसं कधीच संत झाली असती.

*

पहिल्याच सामन्यात माणनं माती खाल्ली. कुणाल चढाईला गेला, "कबड्डी कबड्डी" करत दोघांना शिवला, आणि परत फिरताना मधेच दम तुटला. दम तुटला की बाद, मग वाघ असो की बोका.

रात्री जेवताना बापूनं निदान केलं. "पाय बरं हायती. हात बरं हायती. छाती रिकामी हाय. दमाचं मूळ नामात असतंय."

"पप्पा, प्लीज," पर्णिका म्हणाली. ती बारावीत, संघाचा गुणफलक तिच्या मोबाइलवर. "इट्स कॉल्ड लंग कपॅसिटी."

"तेच ते. आमचं बुवा एका दमात विठ्ठल म्हनाया लागलं, की मृदंगवाला घामाघूम हुतो. त्यांनी कुठं लंग शिकलंय?"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला इमारतीमागच्या ट्रकांच्या रिकाम्या जागेत बापू टाळ घेऊन उभा. समोर डोळे चोळणारा कुणाल. टाळ पडला की पोरानं एका श्वासात नाम घ्यायचं, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल, आणि वाळूतनं पळायचं, श्वास संपेपर्यंत. पहिल्या दिवशी पोरगं वीस हात पळालं. ती वाळू कसली, नुसता भुगा! बापू मूठ भरून बघायचा आणि हळहळायचा, "हिच्यात कुसळ सुदिक उगवायचं न्हाई." पण पोराची छाती त्याच वाळूत भरली. महिन्याभरात कुणाल एका दमात जागा ओलांडून कुंपणाला हात लावून परत येऊ लागला. ट्रकवाला मुझम्मिल कॅबिनमधून मुंडकं काढून म्हणायचा, "यल्ला हबीबी, और तेज़!"

मग फुजैराच्या मैदानावरचा सामना आला. त्याच सकाळी बापूची पिकअप बंद पडली.

"चला, माझी व्हॅन जाते तिकडंच मासळी आणायला," रफिक म्हणाला. "दुश्मनाला पण लिफ्ट देतो आम्ही."

माळकरी बापू मासळीच्या व्हॅनमध्ये! मागं बर्फाच्या पेट्या, पेट्यांवर गोणपाट, गोणपाटावर बापू, आणि बापूच्या नाकावर कापराची वडी बांधलेला रुमाल. पर्णिका खिडकीला चिकटलेली. सविता मात्र पुढं हव्वाबीशेजारी बसली, नाकाला पदरसुद्धा न लावता. बापूचा ऊर भरून आला. संसारासाठी काय काय सोसते ही बाई!

त्या दिवशी माणनं समोरच्या संघावर दोन लोण चढवले. कुणालच्या एकट्याचे चौदा गुण.

घरी येऊन बापूनं दोनदा आंघोळ केली. तिसऱ्यांदा अंगावर पाणी घेता घेता त्याच्या डोक्यात वीज चमकली. बाहेर येऊन म्हणाला, "म्होरल्या सामन्याला बी व्हॅननंच जायाचं."

"काय?"

"लाभली. लाभलेली गोष्ट मोडू नये."

आणि मग सगळा मोसम असा गेला. जुन्नरला हरवलं, बापू व्हॅनमध्ये. खेडला हरवलं, बापू व्हॅनमध्ये. पिकअप कधीच दुरुस्त झाली होती, तरी बापू व्हॅनमध्ये. रफिकनं एकदा धुऊन पुसून अत्तर मारून आणली, तर बापूच खवळला, "कुनी सांगितलं धुवायला? वास घालवलास!" उपांत्य सामन्याला रफिकचा स्वतःचा संघ दुसऱ्या मैदानावर खेळत होता. बिचारा आधी बापूला सोडून मग आपल्या मैदानावर गेला, तोवर मध्यंतर झालेलं.

रविवारी मात्र सगळं बंद. संध्याकाळी साडेसहाला बापू टाळ काखेत मारून बर दुबईला कीर्तनाला निघायचा. सविता दारापर्यंत यायची.

"येतू गं."

"या. आनि हे बगा, आरती सोडून येऊ नका हां. पाप लागतं."

बापूला वाटायचं, आपली बायको आपल्याहून पुण्यवान. तिच्या गळ्यात माळ नव्हती, "घरात एक माळकरी पुरं" म्हणायची. पण आरतीची एवढी काळजी माळकऱ्याच्या बायकोलाच असणार. म्हणून प्रसाद वाटून, चपला शोधून, चार जणांना रामराम घालून तो निवांत घरी यायचा. घरात उदबत्ती लावलेली असायची. चांगल्या तीन-चार.

*

फायनल. समोर श्रीवर्धन.

आदल्या रात्रीपासून वारा सुटलेला. दुपारी मैदानावर पाण्याचा टँकर फिरवला, तर पाणी जमिनीला लागायच्या आत वाळून गेलं. माणसांच्या डोळ्यांत रेती, दातांत रेती. कांद्याच्या भज्यांतसुद्धा रेती, पण लोक खातच होते.

सवितानं बापूला सकाळीच बजावलं होतं. "टाळ न्यायाचा न्हाई. पोराचं चित्त हालतं." आणि नुसतं बजावून ती थांबली नव्हती, टाळ लपवून ठेवले होते. पण सोळा वर्षं पीठ मळणाऱ्या माणसापासून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात काय लपणार? बापू मैदानावर आला, तेव्हा त्याच्या सदऱ्याखाली पोटाशी काहीतरी टोचत होतं.

सामना काय झाला म्हणता! एक गुण ह्यांचा, एक त्यांचा. हम्मादनं कुणालला दोनदा धरला, कुणालनं हम्मादला दोनदा बाद केला. बाद झाल्यावर एकमेकांच्या पाठीवरची वाळू झटकत होते. पर्णिका दर दोन मिनिटांनी ओरडत होती आणि बापू दर दोन मिनिटांनी माळेचा एक मणी सरकवत होता.

शेवटचं मिनिट. श्रीवर्धन अठ्ठावीस, माण सत्तावीस. शेवटची चढाई माणची.

कुणाल मध्यरेषेवर आला. खाली वाकला, माती कपाळाला लावली आणि आत शिरला. "कबड्डी कबड्डी कबड्डी..."

बापूच्या पोटातलं टोचणं आता सहन होईना. पोरगं एकटं, समोर पाच जण, आणि आपण दगडासारखं उभं राहायचं? बुवा सांगतात, संकटात नाम घ्यावं. ह्याहून मोठं संकट कुठलं? पुढं सुरमई तळायची पाळी!

बापूनं सदऱ्याखालून टाळ काढले आणि हाणले. पहिल्याच ठोक्याला पिठाचा धुरळा उडाला.

"विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!"

"आवं, ठेवा ते!" सविता किंचाळली. पण माणची शंभर माणसं बापूच्या मागं लागली होती. टाळ्या, शिट्ट्या, नामाचा गजर, वर वाऱ्याचं घोंघावणं. जुन्नरचे आणि खेडचे लोकही त्यात मिसळले. गजरात तालुका कुठं असतो?

आत कुणाल उजवीकडं झेपावला. एकाच्या बोटाला शिवला. वळला, दुसऱ्याच्या खांद्याला शिवला. हम्मादनं मागून घोट्याला मगरमिठी घातली. कुणाल आडवा पडला, हम्मादसकट सरपटला. हात लांब, लांब, आणखी लांब. बोटाचं टोक मध्यरेषेच्या पल्याड टेकलं!

तीन गडी बाद! तीन गुण! माणसं उड्या मारत मैदानात. बापूनं पर्णिकाला उचललं, ती "पप्पा, पुट मी डाऊन!" म्हणून ओरडत होती आणि हसत होती.

आणि शिट्टी वाजली. लांब. परत वाजली.

पंच हैदराबादचा खैरुद्दीन. शांत माणूस, दाढीला मेंदी. त्यानं कुणालला मागं बोलावलं आणि एक बोट वर केलं, श्रीवर्धनच्या बाजूला.

"क्या हुआ?" बापू टाळासकट धावला.

"चाचा, लड़के ने कबड्डी नहीं बोला. आधे में छोड़ दिया. विठ्ठल विठ्ठल बोल रहा था. चढ़ाई रद्द, सामनेवाले को एक पॉइंट."

बापूला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो भडकला. "देव का नाम लिया तो फाउल?"

"अल्लाह का नाम लेता तो भी फाउल देता, चाचा. किताब में एक ही लफ़्ज़ है."

बापूनं पोराकडं पाहिलं. कुणाल अजून मातीत बसलेला, कपाळाची माती घामानं नाकावर आलेली.

"पप्पा, आय स्वेअर, मला कळलंच नाही. टाळ वाजला आणि तोंडातून आपोआप..."

आपोआप! बापू मटकन खाली बसला. सोळा वर्षं देवापुढं त्यानं एकच मागणं घातलं होतं, शेवटच्या श्वासाला नाम आपोआप मुखी यावं. आलं की! पोराच्या मुखी आलं, अगदी शेवटच्या श्वासाला आलं, आणि तालुक्याचा चषक घेऊन गेलं.

एकोणतीस-सत्तावीस.

रफिक जवळ आला. बापूशेजारी वाळूत बसला. काहीच बोलला नाही. बराच वेळ.

हव्वाबी सविताच्या कानाशी म्हणाली, "घड्याळ बघ गं. दोन मिनटं झाली. चादर आणायला लागते आता."

मग रफिकनं घसा साफ केला. "बापू, ती पैज सोड. मस्करी होती."

"न्हाई."

"अरे, माळ घालतोस..."

"शब्द बी घातलाय. माण हरलं, बापू न्हाई हरला. शुक्रवारी दुपारी या."

*

शब्द दिला खरा. पण चार दिवस बापूच्या डोळ्याला डोळा लागेना. माळ ठेवावी तर शब्द जातो, शब्द ठेवावा तर माळ बाटते. शेवटी त्यानं बर दुबईला बुवांना फोन लावला.

"बुवा, माळकऱ्यानं मासं तळलं तर चालतंय का? खायाचं न्हाई. फकस्त तळायचं."

पलीकडं लांबलचक शांतता. बुवा विद्वान माणूस, सगळी शास्त्रं धुंडाळत असणार. मग हळूच म्हणाले, "तेल कुठलं वापरणार?"

बापूनं फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी खानावळ गिऱ्हाइकांना बंद. सवितानं अटी घातल्या होत्या: कढई रफिकची, तवा रफिकचा, उलथनं रफिकचं. आपली फक्त आग. बिडाचा तवा सोवळ्यात गुंडाळून कपाटात. श्रीवर्धनचे दहा गडी चषक मधे ठेवून टेबलाला बसलेले. रफिक सुरमईच्या तुकड्यांची परात घेऊन आला. "पंचेचाळीस दिरहम किलो. म्हणजे हजाराच्या वर गेले रुपये. जपून रे बाबा."

बापूनं माळ सदऱ्याच्या आत सरकवली. हातात प्लास्टिकचे मोजे, नाकावर तोच कापराचा रुमाल. विंचू उचलावा तसा दोन बोटांनी तुकडा उचलला, डोळे मिटले आणि तेलात टाकला. टाकला म्हणजे फेकला. तेल उडालं, बापू उडाला. दुसरा तुकडा उलटायला गेला, तो मधोमध मोडला. तिसऱ्याचं पीठ तव्याला चिकटलं, मासा उलथन्यावर आला. टेबलावर हसून हसून पोरं आडवी. हम्माद म्हणाला, "बापूचाचा, मरून झालाय तो आता, परत मारू नका!"

सविता दारात उभी होती. पदर दातांत धरलेला. बापूला वाटलं, बायकोला रडू आवरत नाही.

चौथा तुकडा मोडला, आणि सविताचा पदर सुटला.

"सरका!"

"अगं..."

"सरका म्हंते ना! एवढ्या गोमट्या सुरमईची माती केली!" तिनं उलथनं हिसकावलं, गॅस बारीक केला. परातीतलं पीठ चिमटीत घेऊन चोळलं, हुंगलं. "हव्वाबी, ह्येच्यात कोकम न्हाई घातलं व्हय? तुमी तर आगळ लावून मुरवता ना आदी? आनि रवा कुठाय? बारीक रवा! नुसत्या पिठानं कुरकुरीत हुतंय का कदी?"

हव्वाबी डोळे मोठे करून नको नको अशी मान हलवत होती. पण सविता आता थांबणार नव्हती. तुकडे सरसर रव्यात घोळले, तेलात कडेनं अलगद सोडले. हलवले नाहीत, टोचले नाहीत. कड सोनेरी झाली तसं एकदाच, फक्त एकदाच उलटलं. शेवटी कढीपत्त्याची डहाळी तेलात. वास असा सुटला, की गल्लीतनं मुझम्मिल ट्रक थांबवून आत आला.

पहिला तुकडा तिनं ताटात घातला, बोटाला लागलेला चुरा सवयीनं तोंडात टाकला, चव घेतली, मान डोलवली. "मीठ बराबर."

आणि मग तिच्या ध्यानात आलं.

कुणाल छताच्या पंख्याकडं बघत होता. पर्णिका मोबाइलमध्ये घुसली होती. रफिक बर्फासारखा थिजलेला.

बापूनं नाकावरचा रुमाल काढला. सावकाश घडी घातली.

"किती वर्सं?"

"कशाची?"

"सविते, किती वर्सं?"

सवितानं पुढचा तुकडा उलटला. "तुमी कीर्तनाला जाताय तेवढी."

बापू स्टुलावर बसला. एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात उलगडत होती. चार-चार उदबत्त्या. व्हॅनची पुढची सीट. पोरांनी एका ताटात खाल्लेलं काय काय. "म्हंजी ते आरती सोडून येऊ नका..."

"मंग? काटं काढून खायाला येळ लागतो."

आधी हम्माद फुटला, मग सगळं टेबल फुटलं. बापू हसला नाही. उठला, हात धुतले आणि कपाटातला बिडाचा तवा बाहेर काढून दुसऱ्या शेगडीवर ठेवला. "माजी भाकर तरी खावा संगं," म्हणाला, "नुसतं मासं पोटाला बादतंय." आणि परातीत पीठ ओढून थापायला लागला. माळ सदऱ्यातनं बाहेर येऊन परातीत लोंबली, तर त्यानं ती आत सारली नाही.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला बापू टाळ काखेत मारून दारात उभा राहिला. समोरच्या घरातनं तव्याचा आवाज येत होता. दोन दिवसांत बायकोशी तो चार शब्द बोलला असेल नसेल.

"येतू गं."

"या," सविता म्हणाली. पुढचं नेहमीचं वाक्य ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

बापू लिफ्टपर्यंत गेला. बटण दाबलं. वळून न बघताच म्हणाला, "आरती सोडून न्हाई येत. सावकाश खा. घाईत काटा अडकंल घशात."